पहिला हात निंबाकडे

मडावी सरांनी चुन्याने तीन आडव्या रेघा मारल्या,
मधून एक उभी.
म्हणाले, ही वाट. हिच्यावरून जायचं
आणि जिथून निघालो तिथेच परत यायचं.
मी म्हटलं, सर, हे तर मी रोजच करते.
पोरं हसली. सर हसले नाहीत.

मंगळवारी आणि शनिवारी शाळेच्या पटांगणात,
खिचडीचे गंज घासून झाले की
मी शेवटच्या रांगेत उभी राहते.
पुढे चौथीतली पोरं, पांढरे पट्टे,
आणि सगळ्यांच्या पुढे माझी रुणाली, हिरवा पट्टा,
जिला मी आधी वाकून नमस्कार करते
आणि घरी नेऊन वेणी घालते.

मोजणी कोरियाची.
एकाला म्हणतात हाना.
आमच्याकडे हाना म्हणजे हानाच,
पहिल्या दिवशी सर हाना म्हणाले
आणि डडमलांच्या अंशूने शेजारच्याला खरंच हाणलं.
सुरू करा म्हणायचं तर शिजाक.
मला वाटलं, दीडशे पोरांचा तांदूळ टाकला काय कोणी.

अठरा हालचाली. पाठ होईनात.
मग मी त्या गावात नेऊन बसवल्या:
पहिला हात खाली, निंबाकडे. पाऊल, ठोसा.
मागे वळून बोरिंगकडे तेच.
मग टाकीकडे, लांब पाय टाकत,
मग, इथे सगळे चुकतात,
आधी बोरिंग, निंब नंतर.
तिसऱ्या रेघेला हात कपाळावर, ऊन अडवावं तसा,
निंबाला एक लाथ, बोरिंगला एक.
शेवटी सडकेकडे वळून ठोसा आणि ओरडणं.
ओरडणं जमेना.
भात उतू चालला तरी
एवढं तोंड मी कधी उघडलं नव्हतं.
"आई, पोटातून ओरड न," रुणाली म्हणायची.

परीक्षा वरोऱ्याला, मंगल कार्यालयात.
चारी भिंती पिवळ्या.
बेबीनंदा नन्नावरे, असं पुकारलं.
रेशन दुकानाबाहेर माझं पूर्ण नाव
पहिल्यांदाच कोणी मोठ्याने वाचलं.
चार्योत. जुंबी.
पायजम्याची नाडी मी दोनदा तपासली होती.
शिजाक.

निंब नव्हता.
डावीकडे खुर्च्यांची चळत,
उजवीकडे खुर्च्यांची चळत.
पहिली रेघ अंगानेच ओढून नेली.
सहावी हालचाल संपली आणि थांबले.
बोरिंग कुठे?
परीक्षकबाईंचं पेन कागदावर टेकलेलं.
रुणाली भिंतीपाशी, ओठ दातात धरून,
कोणी सांगायचं नाही असा नियम.
मी डावीकडे वळले.
चूक होती, ते वळतानाच कळलं;
पण कळल्यावर परत फिरायचं
की चूक पूर्ण करायची
हे कोणी शिकवलं नव्हतं.
मी पूर्ण केली.
आणि शेवटच्या ठोशाला
पोटातून असा आवाज निघाला
की कार्यालयाचा आचारी
झारा हातात घेऊन दारात येऊन उभा राहिला.

बारो, म्हणाले. पायाखाली पाहिलं.
निघाले होते त्या फरशीपासून
दीड फरशी बाजूला.
बाईंनी विचारलं, "सातव्याला काय झालं?"
मी खरं ते सांगितलं,
"आमच्या गावात तिकडे बोरिंग हाय."
त्यांनी काहीतरी लिहिलं. बरंच लिहिलं.

निकाल आठ दिवसांनी, सरांच्या मोबाइलवर.

आज बुधवार, शिकवणी नाही.
चुन्याच्या रेघा पोरांच्या क्रिकेटने पुसल्या.
मी गंज पालथा घातला, चपला काढल्या
आणि सडकेकडे तोंड करून उभी राहिले,
म्हणजे निंब उजव्या हाताला आला,
टाकी पाठीमागे.
"आई, उलटी उभी आहेस न तू."
माहीत हाय, म्हटलं.
तू मोज.